टीव्हीवरच्या माणसाची पडझड कशी लिहावी: जेड गुडीच्या निमित्ताने

पुरवणीच्या डेस्कवरून निवृत्त झाल्यापासून पॉडकास्टवाली आणि दिवाळी अंकवाली पोरं माझ्याकडे लेख तपासायला पाठवतात. त्यात एक लेख दरवर्षी हमखास असतो: अमका रिअ‍ॅलिटी शोमुळे रातोरात स्टार झाला आणि मग कसा धुळीला मिळाला. माणूस बदलतो, लेख तोच. सुरुवातीला झगमगाट, मधे वाद, शेवटाकडे एकटेपणा आणि सगळ्यात शेवटी ‘प्रसिद्धी क्षणभंगुर असते’. एवढंच सांगायचं होतं तर तीन हजार शब्द कशाला खर्च केले, असं समासात लिहून मी तो परत पाठवते.

हा लेख नीट लिहिता येतो. कसा, ते एकच उदाहरण घेऊन सांगते. उदाहरण ब्रिटनमध्ये टीव्ही शोमुळे गाजलेल्या जेड गुडीचं. आपल्याकडे ती ‘शिल्पा शेट्टीला छळणारी बाई’ म्हणून माहीत आहे आणि तिथेच सगळ्यांचा लेख घसरतो.

माणूस कोणता घ्यायचा

ज्याच्याबद्दल भक्कम कागद आहे, असा. जेडबद्दल ब्रिटनच्या प्रसारण नियामकाचा निकाल आहे, त्यांच्या संसदेतली नोंद आहे, तिच्या स्वतःच्या ढीगभर मुलाखती आहेत. गाण्याच्या शोमध्ये नववीत असताना जिंकलेली मुलगी ‘आता कुठे आहे’, हा लेख मी कुणाला लिहू देत नाही. ती कुठेतरी नोकरी करत असेल, सुखात असेल. तिला ‘पडलेली’ ठरवणारे आपण कोण?

आधी तारखा, मग वाक्यं

एक अक्षर लिहिण्याआधी तारखा एकाखाली एक मांडा आणि प्रत्येकीसमोर वय लिहा. वय लिहिलं नाहीत तर लेख हमखास खोटा होतो.

जेडचा जन्म ५ जून १९८१चा, दक्षिण लंडनमधल्या बर्मंडसीचा. ब्रिटिश ‘बिग ब्रदर’च्या, म्हणजे आपल्या ‘बिग बॉस’सारख्याच शोच्या, तिसऱ्या पर्वात ती मे २००२मध्ये गेली. म्हणजे तिचा एकविसावा वाढदिवस कॅमेऱ्यांसमोरच झाला. ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’च्या घरातलं शिल्पाबरोबरचं प्रकरण जानेवारी २००७चं, तेव्हा ती पंचवीस वर्षांची. लोणावळ्याच्या ‘बिग बॉस’च्या घरात ती ऑगस्ट २००८मध्ये आली, तेव्हा सत्तावीस. २२ मार्च २००९ला गेली, तेव्हाही सत्तावीसच. पहिल्यांदा पडद्यावर दिसल्यापासून मृत्यूपर्यंत पुरती सात वर्षंही होत नाहीत. ‘दीर्घ कारकिर्दीनंतर उतरती कळा’ असलं काही लिहायचं मनात असेल तर ते इथेच गळून पडतं.

पान उभं दुमडा

हे माझं एकुलतं एक हत्यार आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. वहीचं पान उभं दुमडून दोन रकाने करायचे. डावीकडे तिनं काय केलं, काय बोलली. उजवीकडे तिचं काय केलं गेलं: कुणी दाखवलं, कुणी छापलं, कुणी त्यावर पैसे कमावले. कोणत्याही प्रसंगाचा एकच रकाना भरला असेल तर तो प्रसंग अजून लिहिण्यासारखा झालेला नाही. नुसता डावा भरलात तर लेख चावडीवरचा निवाडा होतो. नुसता उजवा भरलात तर ती बिचारी कठपुतळी होते, आणि तशी ती नव्हती.

२००२ घेऊ. डावीकडे: दातांच्या दवाखान्यात मदतनीस असलेली ही मुलगी घरात शिरली. बडबडी, भांडखोर, मोठ्यानं हसणारी. ईस्ट अँग्लिया हा इंग्लंडचाच पूर्वेकडचा भाग, केंब्रिज तिथलंच. ती त्याला ‘ईस्ट अँग्युलर’ म्हणाली आणि तो परदेश आहे असं समजली. देश हसला. उजवीकडे: टॅब्लॉइड, म्हणजे सनसनाटी बातम्यांच्या, पत्रांनी तिला चक्क डुक्कर म्हटलं, तिला बाहेर काढा म्हणून मोहीम चालवली. आणि पर्व संपता संपता त्याच पत्रांना ती लाडकी वाटायला लागली, कारण तिच्या नावानं अंक खपत होते.

ती चौथी आली. हा आकडा लेखात ठळक हवा. पहिली आलेली केट लॉलर, पण पुढची चार वर्षं मासिकांच्या मुखपृष्ठांवर राहिली ती जेड. व्यायामाच्या डीव्हीडी, स्वतःचं ब्यूटी सलून, २००६मध्ये आत्मचरित्र आणि त्याच वर्षी स्वतःच्या नावाचं अत्तर. ते अत्तर खपलंही जोरात. म्हणजे ‘अज्ञानी मुलगी’ हा शिक्का तिच्यावर मारला गेला आणि तोच तिनं दुकानात विकायला ठेवला. ही अक्कल लेखात दिसली पाहिजे. तिला मूर्ख म्हणणाऱ्या कितीजणांना ते जमलं असतं?

बालपण कुठे ठेवायचं

पहिल्या परिच्छेदात नाही. ‘गरिबीत जन्मलेली’ हे वाक्य सुरुवातीला आलं की वाचक रुमाल काढून बसतो आणि पुढचं सगळं त्या रुमालातूनच वाचतो.

जेडचे वडील हेरॉइनच्या आहारी गेलेले, तुरुंगात जाऊन-येऊन, २००५मध्ये त्यातच गेले. आई जॅकी हिचा एक हात मोटारसायकलच्या अपघातात निकामी झाला, तेव्हा जेड लहान होती, आणि घरातली बरीच कामं त्या वयापासून तिच्या अंगावर पडली. हे दोन वाक्यांत लिहा आणि जिथे त्याचा उपयोग आहे तिथे लिहा. ती जागा जानेवारी २००७ची, कारण त्या घरात ती आईला बरोबर घेऊन गेली होती.

आणखी एक अडचणीचं तथ्य: तिचे वडील मिश्रवंशीय होते. वंशद्वेषासाठी जगभर गाजलेल्या बाईच्या गोष्टीत हे बसत नाही, म्हणून बरेच जण ते गाळतात. गाळू नका. त्यावरून काही सिद्धही करू नका. नुसतं लिहा आणि पुढे चला.

जानेवारी २००७: इथे सावकाश

एकूण लेखाच्या तिसऱ्या भागाइतकी जागा या महिन्याला द्या, आणि इथे विशेषणं वापरू नका.

सुरुवात भांडणापासून करू नका, घराच्या रचनेपासून करा. ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’ ३ जानेवारीला सुरू झालं. दोन दिवसांनी जेड, तिची आई आणि तिचा मित्र जॅक ट्वीड यांना आत सोडलं आणि आधीच्या काही सेलिब्रिटींना या कुटुंबाचे नोकर बनवण्याचा खेळ मांडला. डॉनी टूरेट नावाचा गायक नोकर व्हायला तयार नव्हता, तो भिंत चढून निघून गेला. बर्मंडसीच्या कुटुंबाची चाकरी नामवंतांना करायला लावायची ही कल्पना कुणाची? निर्मात्यांची. मालक-नोकर, वरचे-खालचे ही भाषा घरात त्यांनी आधीच आणून ठेवली होती. हे उजव्या रकान्यात.

आता डावा रकाना, आणि तो हात आखडून लिहू नका. आई जॅकीला शिल्पाचं नाव नीट घेता आलं नाही आणि नीट घेण्याची तिची तयारीही दिसली नाही. ती लवकरच बाहेर पडली. मग जेड, मॉडेल डॅनिएल लॉइड आणि गायिका जो ओ’मारा यांचं त्रिकूट जमलं. सुपाच्या ऑक्सो क्यूबवरून, म्हणजे पाण्यात विरघळवायच्या मसाल्याच्या वड्यांवरून, जेड शिल्पाच्या अंगावर किंचाळत गेली. ते दृश्य पाहिलं असेल तर आठवेल: शिल्पा हात बांधून उभी, आवाज खालचा, आणि समोरचीचा आवाज चढत चाललेला. नंतर इतरांशी बोलताना जेडनं तिला ‘शिल्पा पॉपडम’ (म्हणजे पापड) म्हटलं.

इथे एक खबरदारी. शिल्पानं ‘आपल्या घरी परत जावं’ हे वाक्य डॅनिएलचं. भारतीय लोक बारीक का असतात, तर अन्न कच्चं खाऊन आजारी पडतात म्हणून, हा शोध जोचा. आपल्याकडच्या निम्म्या लेखांत ही दोन्ही वाक्यं जेडच्या तोंडी घातलेली असतात. खलनायिका एकच असली की लिहायला सोपं जातं, म्हणून. कोण काय बोललं हे ज्याच्या त्याच्या खात्यावर टाका. जेडच्या खात्यावर तिचं स्वतःचं पुरेसं आहे.

शिल्पाचीही देवी करू नका. तिनं घरात असतानाच पुढे, जेडच्या वागण्यामागे वंशद्वेष असेल असं आपल्याला वाटत नाही, असं बोलून दाखवलं. हे लिहिलं तर शिल्पा लहान होत नाही आणि जेड सुटतही नाही.

मग बाहेरचा गदारोळ, आणि तो थोडक्यात. नियामक ऑफकॉमकडे ४४,५०० हून अधिक तक्रारी. १७ जानेवारीला ब्रिटिश संसदेत प्रश्नोत्तराच्या तासाला पंतप्रधान टोनी ब्लेअरना विचारणा. अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन तेव्हा नेमके भारताच्या दौऱ्यावर, तर पत्रकारांनी त्यांनाही तेच विचारलं. पाटण्यात पुतळे जाळले. कारफोन वेअरहाउस या प्रायोजकानं हात काढून घेतला. १९ जानेवारीला जेड विरुद्ध शिल्पा असं मतदान झालं आणि ८२ टक्के मतांनी जेड बाहेर. एरवी बाहेर पडणाऱ्याचं स्वागत करायला गर्दी असते, त्या रात्री गर्दीच ठेवली नव्हती. २८ जानेवारीला शिल्पा ६३ टक्के मतांनी जिंकली.

इथे थांबलात तर पुन्हा एकच रकाना. पुढचे चार महिने उलटून मे २००७मध्ये या. ऑफकॉमचा निकाल आला आणि दोष ठेवला तो वाहिनीवर, चॅनल फोरवर. संपादकीय निर्णय गंभीरपणे चुकले, असा ठपका, आणि ते निष्कर्ष स्वतःच्याच पडद्यावर वाचून दाखवायची शिक्षा. दंड नाही. आता हिशेब मांडा. जेडचं अत्तर दुकानदारांनी फळीवरून उतरवलं, छळवणुकीविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेनं तिचं नाव काढून टाकलं. वाहिनीचे प्रेक्षक त्या आठवड्यांत वाढले होते. अशा दोन नोंदी शेजारी ठेवल्या की टिप्पणी करायची गरज उरत नाही.

लोणावळा

मराठी वाचकासाठी गोष्ट इथे घराजवळ येते, म्हणून इथेच पोरं वाहवत जातात. कलर्स वाहिनी जुलै २००८मध्ये सुरू झालेली, अगदी कोरी. ऑगस्टमध्ये त्यांचं ‘बिग बॉस’चं दुसरं पर्व, घर लोणावळ्यात आणि सूत्रसंचालक शिल्पा शेट्टी. अशा शोमध्ये जेडला का बोलावलं असेल, यावर परिच्छेद खर्च करू नका, वाचकाला कळतं. ती का आली, हे मात्र लिहा: कामं आटली होती, दोन लहान मुलगे होते, आणि तिला माफीही हवी होती, मोबदलाही.

निघण्यापूर्वी ब्रिटनमध्ये तिच्या तपासण्या झाल्या होत्या. घरात शिरून जेमतेम दोन दिवस झाले असतील, तिला कन्फेशन रूममध्ये बोलावलं आणि निदान कळवलं: गर्भाशयमुखाचा कॅन्सर. ती लगेच परत गेली.

ज्या खोलीत आपण नव्हतो त्या खोलीतले अश्रू लिहू नयेत, हा डेस्कचा जुना नियम. तेव्हा आमच्या लोणावळ्याच्या वार्ताहराला त्या घराच्या फाटकाबाहेर उभं केलं होतं. ऑगस्टमधलं लोणावळा, म्हणजे छत्री असून नसल्यासारखी. संध्याकाळी त्याचा फोन: “ताई, गाडी आत गेली, गाडी बाहेर आली. काचा काळ्या. वॉचमन काही बोलत नाही. काय लिहू?” म्हटलं, हेच लिही. ‘गेली असावी’ असं लिही, ‘गेली’ असं नको. आठ ओळींची चौकट झाली. दुसऱ्या दिवशी इतरांकडे ‘जेड ढसाढसा रडली’ होतं आणि आमच्याकडे वॉचमन. मला आजही आमचीच चौकट बरी वाटते. त्यानं चहाचं बिल लावलं होतं, तेही मी पास केलं.

आजार लिहिताना

‘झुंज’, ‘रणांगण’, ‘मृत्यूला आव्हान’ हे सगळं खोडा. काय झालं ते लिहा. तिच्या तपासणीत आधीही पेशी बिघडलेल्या आढळल्या होत्या आणि पुढच्या उपचारासाठी आलेलं पत्र तिनं भीतीपोटी बाजूला सारलं होतं. हे तिनंच सांगितलेलं आहे, म्हणून लिहायचं. ‘निष्काळजी’ हा शब्द तुमचा, तो नको.

एक चौकट इथे जरूर द्या. इंग्लंडमध्ये या तपासणीचं सरकारी बोलावणं तेव्हा वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून यायचं. जेडचा आजार जाहीर झाल्यावर, २००८च्या मध्यापासून वर्षभरात तिथे नेहमीपेक्षा सुमारे चार लाख अधिक स्त्रिया तपासणीला गेल्या. काही वर्षांत आकडा पुन्हा उतरला, तेही सांगा. आणि मग आपल्याकडचं: भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरखालोखाल हाच कॅन्सर सर्वाधिक आढळतो. तो बहुतांशी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. त्यावरची देशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, २०२३मध्ये बाजारात आली. पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, साधी असते, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे होते. लेखाचा सूर बिघडेल म्हणून काहीजण ही चौकट काढून टाकतात. लेख वाचून एखादी बाई तपासणीला गेली तर सूर बिघडलेला मला चालेल.

लग्न, फोटो आणि पैसे

फेब्रुवारी २००९मध्ये, आता उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. २२ फेब्रुवारीला एसेक्समधल्या एका हवेलीत तिनं जॅक ट्वीडशी लग्न केलं. जॅक मारहाणीच्या शिक्षेतून सुटलेला, पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा, रात्री ठरलेल्या वेळी घरी हजर राहण्याची अट. लग्नाच्या रात्रीपुरती ती अट शिथिल करायला न्यायमंत्री जॅक स्ट्रॉ यांना लक्ष घालावं लागलं. लग्नाच्या फोटोंचे हक्क ‘ओके!’ मासिकानं घेतले. तिथल्या बातम्यांनुसार सात लाख पौंडांना. चित्रीकरणाचे हक्क एका वाहिनीनं वेगळे घेतले.

‘मरण विकलं’ हा मथळा सुचेल. सुचू द्या, लिहू नका. तिनं उघड सांगितलं होतं की पैसे मुलांच्या शिक्षणासाठी हवेत. आपण कॅमेऱ्यासमोर जगलो, कदाचित कॅमेऱ्यासमोरच जाऊ, असंही ती म्हणाली होती. विकणारीचं कारण तिच्याच तोंडून नोंदलेलं आहे. विकत घेणाऱ्याचं कारण शोधा की जरा. त्यासाठी एकच वस्तू पुरते: ‘ओके!’चा श्रद्धांजली विशेषांक. मुखपृष्ठावर तिचं नाव, खाली १९८१–२००९, आत आठवणी. हा अंक मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दुकानांत लागला. जेड तेव्हा एसेक्समधल्या आपल्या घरी जिवंत होती. २२ मार्चला पहाटे गेली. त्या दिवशी ब्रिटनमध्ये मातृदिन होता, आणि हा योगायोग तिथल्या प्रत्येक पत्रानं मथळ्यात वापरला. तुम्ही तो मजकुरात घ्या, मथळ्यात नको.

तिची प्रसिद्धी सांभाळणारा मॅक्स क्लिफर्ड याला पुढे २०१४मध्ये लैंगिक अत्याचारांबद्दल आठ वर्षांची शिक्षा झाली. जेडच्या गोष्टीशी त्या गुन्ह्यांचा संबंध नाही. तरी ती चमकदार यंत्रणा चालवणारे हात कोणाचे होते, याची नोंद म्हणून एक ओळ ठेवायला हरकत नाही.

मथळा आणि शेवटची छाननी

जेड गेली त्या आठवड्यात आमच्याकडे वाचकांची पत्रं आली होती. शिल्पाला रडवलं त्याची फळं भोगली, अशा अर्थाची. एका काकांनी तर गीतेतला श्लोक जोडला होता. तुमच्या लेखाखालीही हे येणार. निदान ते तुमच्या लेखात नको. ‘नियती’, ‘कर्म’, ‘शाप’, ‘काव्यगत न्याय’ हे शब्द शोधून काढा आणि त्यांची आख्खी वाक्यंच उडवा. नुसता शब्द बदलून भागत नाही.

मथळ्यात ‘पडझड’ वापरायचीच असेल तर स्वतःला विचारा, पडली कुठून? चौथ्या क्रमांकावरून. आणि किती काळ? जानेवारी २००७ ते ऑगस्ट २००८, दीड वर्षाच्या आसपास. त्यानंतर तीच टॅब्लॉइड पत्रं तिच्यावर पुन्हा प्रेम करू लागली आणि तिच्या मृत्यूनंतर गॉर्डन ब्राउननीही, आता पंतप्रधान म्हणून, श्रद्धांजली वाहिली. माझ्या मते ‘पडझड’ हा शब्द तिच्यापेक्षा त्या पत्रांच्या चढउताराला जास्त लागू पडतो. पण मथळा तुमचा, लेख तुमचा.

आपल्याकडे २०१८पासून ‘बिग बॉस मराठी’ आहे, त्यामुळे घर, टास्क, एलिमिनेशन समजावून सांगायची गरज नाही. तेवढे शब्द वाचवा आणि जानेवारी २००७ला द्या.

पाठवण्यापूर्वी आकडे मोठ्यानं वाचून कुणाकडून तरी पडताळून घ्या. ८२ टक्के जेडला बाहेर काढण्यासाठी, ६३ टक्के शिल्पाच्या विजयासाठी. हे दोन हमखास अदलाबदल होतात. ‘बिग ब्रदर’ २००२चं वेगळं, ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’ २००७चं वेगळं, ‘बिग बॉस’ २००८चं वेगळं. आणि केट लॉलरचं आडनाव तपासा, ते निम्मे जण ‘लॉरेल’ लिहितात.